जोशी, जोश आणि जॉश: सहा मग, एक टी-शर्ट आणि मेनरोडच्या तीन चकरा

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव लिहिणार नाहीये. पोरगा मनाने चांगला आहे, धंदा नवीन आहे आणि ह्यात निम्मी चूक माझी आहे, म्हणजे निम्म्याला जरा कमीच. पण मगवर किंवा टी-शर्टवर मराठीत काही छापून घ्यायचं असेल तर काय काय बघायचं ते मी पैसे आणि पेट्रोल घालवून शिकलेय, तर ते तुम्हाला फुकट मिळावं म्हणून लिहितेय. दुकान नाशिकला, मेनरोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. गाडी शालिमारला कुठेतरी कोंबायची आणि चालत जायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी व्हॉट्सअपवर ऑर्डर द्यावी, म्हणजे मी जे केलं तेच करावं, आणि मग तीन वेळा गाडी शालिमारला कोंबावी.

ऑर्डर काय होती ते समजायला आधी जोश्या समजला पाहिजे.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक जोशी आहे, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. हा इंदिरानगरला राहतो, घरूनच अमेरिकन क्लायंटचं काम करतो, संध्याकाळी सहाला लॉगिन आणि रात्री दोनला झोप. तिकडच्या लोकांना ह्याचं पहिलं नाव जमेना म्हणून त्यांनी आडनावावरून त्याचा जॉश केला. तिकडे ते खरंच एक नाव आहे, जोशुआचं लाडकं रूप, आपल्याकडे ज्ञानेश्वरचा माऊली होतो तसं. त्यातही आपण जोशीतला ज 'जवळ'मधला म्हणतो आणि ते म्हणतात 'जीभ'मधला, आणि त्यांचा ऑ इतका उघडा की कानाला जवळजवळ 'जाश' लागतं. असो. तर हा जॉश झाला आणि खूश होता.

मग दोन वर्षं काय चाललं होतं ते त्याने मागच्या दिवाळीत सांगितलं. तिकडचा एक जण मीटिंगमध्ये म्हणायचा, जॉश, तुझ्या कोडमुळे आमचा अख्खा सर्व्हर झोपला. हा बिचारा घाम पुसत लॉग उघडायचा, आणि मग तो हसून म्हणायचा, जस्ट जॉशिंग! आणि सगळे हसायचे. जोश्याला वाटायचं ह्यांनी माझ्या आडनावाचं क्रियापद केलंय. म्हणजे घोळ घालणे याला ऑफिसमध्ये 'जोशी करणे' म्हणतात. दोन वर्षं मनात ठेवलं हो त्याने. बायकोला पण सांगितलं नाही. एचआरला मेल टाकायचा म्हणून ड्राफ्ट करून ठेवला होता, तो त्याने आम्हाला फराळाच्या ताटासमोर वाचून दाखवला आणि आमच्यातल्या एकीच्या नाकातून चिवडा आला.

तर खुलासा असा की जॉश हे इंग्रजीतलं, त्यातही अमेरिकेतलं, बोलीतलं क्रियापद आहे. अर्थ मस्करी करणे. पण कुचेष्टा नाही, टवाळी नाही, टोमणा तर नाहीच. आपण फिरकी घेतो ना, समोरच्याचा चेहरा पडला की लगेच 'अरे खेचतोय रे' म्हणून खांद्यावर हात टाकतो, ते. त्यात शेवटचा हात टाकणं महत्त्वाचं, म्हणून ते लोक बहुतेक वेळा 'जस्ट' लावूनच म्हणतात. आणि जोश्याच्या आडनावाशी त्याचा काडीचा संबंध नाही, शब्द १८४५ पासून छापील सापडतो, तेव्हा जोश्याचे खापरपणजोबा पंचांग बघत असतील.

हे कळल्यावर त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दुसरं काही देणं शक्यच नव्हतं. ठरलं, सगळ्यांना एकेक असे सहा मग, आणि जोश्याला एक टी-शर्ट, आणि सगळ्यावर मोठ्या अक्षरात मराठीत 'जस्ट जॉशिंग'. काम माझ्याकडे आलं कारण माझं माहेर नाशिकरोडचं, बाबा प्रेसमधून रिटायर झालेले, म्हणजे छपाईचं हिला कळणार असं सगळ्यांनी धरून चाललं. बाहेरच्यांसाठी सांगते, नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहे' म्हटलं की पेपर किंवा लग्नपत्रिका नाही, नोटा. करन्सी नोट प्रेस, १९२८ पासूनची. बाबांची सगळी नोकरी छापलेलं तपासण्यात गेली. अजूनही हॉटेलात मेनूकार्ड हातात आलं की ते आधी उजेडाकडे धरतात. भाव नंतर बघतात.

आता रिव्ह्यू.

व्हॉट्सअपवर बोलणं एकदम झकास. दोन मिनिटांत रिप्लाय, ताई ताई करून बोलतो, रेट स्पष्ट. पांढरा मग अडीचशेला, सहा घेतले तर दोनशेवीसने, टी-शर्ट साडेचारशे. चार दिवसांत देतो म्हणाला. मी मजकूर टाईप करून पाठवला. त्याने विचारलं, ताई हे जॉशिंग म्हणजे काय, मी म्हटलं मस्करी, तर म्हणतो मग मस्करीच लिहू का, नाहीतर रॅगिंग लिहू, ते सगळ्यांना कळतं. म्हटलं बाबा रे, रॅगिंग नको. रॅग हाही मुळात छळायचा, चिडवायचाच जुना इंग्रजी शब्द, त्यांच्या युनिव्हर्सिट्यांमध्ये तर आजही रॅग वीक म्हणजे पोरं सोंगं काढून चॅरिटीला पैसे गोळा करतात, पण आपल्याकडे येऊन त्या शब्दाने जे दिवे लावले त्यावर महाराष्ट्रात १९९९ ला कायदा करावा लागला. वाढदिवसाच्या मगवर गुन्हा कशाला छापायचा. तो म्हणाला बरोबर आहे ताई, आणि अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याने डिझाइनचा फोटो पाठवला. मी तेव्हा द्वारकेला सिग्नलला अडकले होते (म्हणजे भरपूर वेळ होता, हे बाबांनी नंतर निदर्शनास आणून दिलं), नुसती नजर टाकली आणि ओके लिहिलं. माझी निम्म्याला कमी चूक ती ही. प्रूफ फोनवर बघायचं नाही. बघितलंच तर एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं.

पहिली चक्कर. मग हातात घेतला. लिहिलेलं, 'जस्ट जोशिंग'. आणि खाली पेटलेल्या ज्वाळा. आणि अक्षरं त्या फौजी स्टाइलची, स्टेन्सिल असतं ना तसली. सहाच्या सहा मगांवर.

झालं काय, माझा मजकूर युनिकोडमधला आणि त्याच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला फॉन्ट जुन्या पद्धतीचा, त्यात पेस्ट केलं की नुसते चौकोन येतात. म्हणून त्याने हाताने परत टाईप केलं, आणि करताना वरचा अर्धचंद्र त्याला चूक वाटला. त्याने तो सुधारला! वर त्याला वाटलं ताईंना जोश पाहिजे, पिक्चरमधली ती फौजी घोषणा झाल्यापासून जोशवाले मग खपतात पण खूप, तर त्याने स्वतःच्या पदरच्या ज्वाळा टाकल्या, एक्स्ट्रा चार्ज न लावता. आता ह्या माणसावर ओरडणार कसं.

एका अर्धचंद्राने केवढा फरक पडतो बघा. आपला जोश फारसीतून आलाय आणि तिकडे त्याचा अर्थ उकळी. युनानी हकीम जो काढा उकळून देतात तो जोशांदा, त्यातला जोश हाच. म्हणजे जोशात येणे म्हणजे शब्दशः उकळी फुटणे. आणि आपला जोशी कुठून, तर ज्योतिषी घासून घासून. तीन शब्द, तिघांचे गाव वेगळे, एक इराणचा, एक संस्कृतातला, एक अमेरिकेतल्या कुठल्यातरी शेतावरचा, आणि तिघं मेनरोडच्या एका गल्लीत एका मगवर येऊन भेटले. मी त्या पोराला हे सगळं काउंटरवर उभी राहून सांगितलं. तो म्हणाला, ताई चहा घेता का. (चहा चांगला होता. आल्याचा. दुकानाला एक मार्क त्याचा.)

शेतावरचा म्हणजे काय तेही सांगते कारण मला स्वतःला ते फार आवडलं. जॉश हे नाव आहे हे तर कळलं, पण नावाचा अर्थ मस्करी कसा झाला? नक्की कोणता जॉश हे आज कोणालाच सांगता येत नाही, पण जाणकार लोकांचा एक अंदाज असा की जोशुआ हे तेव्हा खेड्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं ठरलेलं नाव असावं, शहरातल्यांनी ज्याची गंमत करावी असं. बायबलमधली नावं गावाकडे जास्त टिकलेली. आणि हे एकट्या जॉशचं झालेलं नाही, त्यांच्याकडे गावंढळ माणसाला हिक म्हणतात ते रिचर्डचं रूप, रूब म्हणतात ते रूबेनचं. आपल्याला ह्यात नवल काय वाटायचं, आपण कोणालाही गणप्या, धोंड्या, बंड्या करून मोकळे होतो, हवालदार दिसला की पांडू. एखाद्या खऱ्या पांडुरंगाला विचारा कसं वाटतं. फरक एवढाच की त्यांनी नावाला पुढे क्रियापद करून टाकलं, आपण अजून 'मी त्याला बंडलं' म्हणत नाही, म्हणायला हरकत नाही खरं.

बरं ह्या शब्दाचं नशीब असं की त्याच्यामागे दोन खोटे बाप लागलेत.

पहिला जॉश बिलिंग्ज. हा खरा माणूस, म्हणजे नाव टोपण, खरं नाव हेन्री व्हीलर शॉ, १८१८ ते १८८५, अमेरिकेतला मोठा विनोदी लेखक आणि वक्ता, त्याच्या आधी लिलाव पुकारायचं काम करायचा. बऱ्याच जणांना वाटतं जॉशिंग ह्याच्यावरूनच आलं. पण त्याने लिहायला सुरुवात केली १८६० च्या सुमाराला, आणि शब्द तर १८४५ चा. फार तर काय, मधल्या काळात शब्द जरा थंड पडला होता तो ह्याच्या प्रसिद्धीने परत तापला असेल. ह्याची खासियत ऐकाल तर हसाल, मुद्दाम चुकीचं स्पेलिंग. खेचरावर एक निबंध लिहिला होता, नीट शुद्ध भाषेत, कोणी ढुंकून बघितलं नाही. तोच निबंध सगळी स्पेलिंगं वाकडी करून परत दिला आणि गाजला. हे मी त्या पोराला सांगायला नको होतं. तो लगेच म्हणाला, मग ताई आपलं पण चालेल की, चुकीचंच फेमस होतं.

नाही चालणार म्हटलं. त्याने मुद्दाम केलं होतं.

जाता जाता, मार्क ट्वेननेसुद्धा मार्क ट्वेन व्हायच्या आधी, १८६२ मध्ये, नेवाडातल्या एका पेपरला 'जॉश' नावाने पत्रं पाठवली होती, नवं नाव त्याने पुढच्या वर्षी घेतलं. म्हणजे गंमत करणाऱ्याने जॉश नाव घ्यायचं हे तेव्हा लोकांना बरोब्बर कळत असणार.

दुसरा खोटा बाप बाबांच्या कामाचा निघाला. तो किस्सा मी त्यांना त्याच रात्री सांगितला, चुकलेला मग पुढ्यात ठेवून. १८८३ साली अमेरिकेने पाच सेंटचं नवीन नाणं काढलं. त्यावर किंमत म्हणून नुसता रोमन पाच, व्ही. पुढे सेंट्स हा शब्दच नाही. आणि आकार जवळपास पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याएवढा. लोक काय सोडतात होय, सोन्याचं पाणी चढवलं आणि पाच डॉलर म्हणून खपवायला लागले. आता दंतकथा अशी की जॉश टॅटम नावाचा एक मुकाबहिरा माणूस होता, तो असं पिवळं केलेलं नाणं घेऊन दुकानात जायचा, पाच सेंटची वस्तू घ्यायचा, नाणं गल्ल्यावर ठेवायचा आणि गप्प उभा राहायचा. दुकानदार आपणहून चार डॉलर पंच्याण्णव सेंट परत द्यायचा. पकडला गेला तर कोर्टात म्हणे सुटला, कारण त्याने सुट्टे परत मागितलेच नव्हते, मागणार कसा, बोलताच येत नव्हतं. त्यावरून जॉशिंग. नाणी जमवणाऱ्या लोकांची ही फार लाडकी गोष्ट आहे. नाणं खरं आहे, त्यावर सेंट्स नव्हतं हे खरं, त्याच वर्षी घाईघाईने सेंट्स घातलं हेही खरं. जॉश टॅटमवरून शब्द आला हे मात्र होऊच शकत नाही, १८८३ वजा १८४५, अडतीस वर्षं आधीच शब्द छापून झालेला.

बाबांना जॉश टॅटममध्ये अजिबात रस नव्हता. ते एकाच गोष्टीवर अडले. "आकड्यापुढे एकक लिहिलं नाही? आणि ते पास कोणी केलं?" मी म्हटलं बाबा तो मुद्दा नाहीये. "मग मुद्दा काय आहे? आपल्या नोटेवर बघ, मागच्या पट्ट्यात पंधरा भाषांत लिहिलेलं असतं, प्रत्येकीत रुपये. नुसतं शंभर लिहून सोडलंय का कुठे?" मग स्वतःच जरा थांबून म्हणाले, "तुझ्या त्या पोराने तरी काय केलं, एक चंद्र खाल्ला. त्यांनी अख्खा शब्द खाल्ला, तेही सरकारी." त्यांच्या लेखी दुकानदाराची केस तिथेच हलकी झाली.

दुसरी चक्कर. ह्यावेळी मी अर्धचंद्राचा मोठा फोटो पाठवला होता, बोटाने बाण काढून. पोरगा म्हणाला आधी एक सॅम्पल काढतो, तुम्ही ओके केलं की बाकीचे. शहाणपणाची गोष्ट. सॅम्पल बघितलं. अर्धचंद्र होता. ज्वाळा गेल्या होत्या. फक्त सगळं उलटं होतं. म्हणजे आरशात धरलं की 'जस्ट जॉशिंग', आणि नुसतं बघितलं की कुठलीतरी परग्रहावरची लिपी. मी म्हटलं आता आरशासमोर बसून चहा प्यायचा का? तो डोकं खाजवत म्हणाला, ताई मस्करी केली असं समजा. म्हटलं मस्करीच छापायचीय रे, पण सरळ छाप.

पण ह्या चकरेत मला मशीन बघायला मिळालं, त्यामुळे तेवढी वसूल. मगवरचं प्रिंट म्हणजे नुसता स्टिकर असतो असं मला वाटायचं. तसं नाहीये. आधी एका खास कागदावर उलटं प्रिंट काढतात (ते मिररचं बटण विसरला की सरळ निघतं आणि मगवर जाऊन उलटं होतं, माझ्या सॅम्पलला हेच झालं). मग तो कागद मगला टेप लावून गुंडाळायचा आणि गोल हीट प्रेसमध्ये आवळायचा. साधारण १८० ते २०० डिग्री, तीनेक मिनिटं. तेवढ्या उष्णतेत शाई पातळ न होता थेट वायू होते आणि मगच्या चकचकीत थरात शिरते, गार झाली की आत अडकून बसते. शाळेत कापराचं संप्लवन शिकलो होतो ना, ते. म्हणून नखाने खरवडलं तरी निघत नाही. आणि म्हणूनच घरातला कुठलाही कप नेला तर चालत नाही, वरून पॉलिमरचा थर दिलेलाच लागतो, आणि पांढराच, कारण ह्या शाईत पांढरा रंग नसतो, पांढरं जे दिसतं तो मग. म्हणजे गंमत बघा, जोश म्हणजे उकळी, आणि इथे शाईला उकळायलाच देत नाहीत, घनातून सरळ वाफ. त्या ज्वाळा तशाही तांत्रिकदृष्ट्या चूकच होत्या.

तिसरी चक्कर, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सिंहस्थाच्या कामांनी ठिकठिकाणी खोदलेल्या रस्त्यांतून उड्या मारत. सहाही मग नीट. मी काउंटरवर ओळीने मांडून एकेक वाचला, गिऱ्हाईकं बघत होती. अक्षरं एकदम सुरेख, गोल ठसठशीत, अर्धचंद्र ऐटीत. मगचा दर्जा चांगला आहे, हातात जड लागतो, कडेला खडबडीत नाही. मावतो सव्वातीनशे मिली, म्हणजे आपल्या चहाच्या हिशोबात भलताच मोठा, अर्धाच भरावा नाहीतर गार होतो. काळा रंग गडद आलाय, पण मरून जो स्क्रीनवर होता तो मगवर जरा विटकरीकडे गेला, ह्याने तसं आधी सांगितलं होतं त्यामुळे तक्रार नाही. दोन मगांवर कडेला, कानाजवळ, प्रिंट किंचित फिकं आहे, तिथे प्रेसचा दाब नीट बसत नाही, म्हणून महत्त्वाचं अक्षर कानाला चिकटवून ठेवू नका, मधे घ्या. डिशवॉशरचं माहीत नाही, आमच्याकडे डिशवॉशर म्हणजे मी.

टी-शर्टवर मात्र मी तेवढी खूश नाही. मला कॉटन हवा होता. मगवाली पद्धत कॉटनवर चालत नाही, ती शाई पॉलिस्टरच धरते, हे त्याने इमानदारीने सांगितलं आणि डीटीएफ सुचवलं, म्हणजे फिल्मवर छापून मागे चिकट पावडर लावून उष्णतेने दाबून बसवतात. दिसायला मस्त दिसतं, रंग भडक, नेव्ही ब्लूवर पांढरी अक्षरं उठून आलीत. पण छातीवर रबरी पट्टा बसवल्यासारखं लागतं आणि हवा जात नाही. जोश्या म्हणाला मे महिन्यात हा घालून बसलो तर मला खरा जोश येईल, फारसीतला. धुताना उलटा करून, गार पाण्यात, आणि प्रिंटवर थेट इस्त्री नाही. त्याच्या बायकोने दुसऱ्याच आठवड्यात थेट इस्त्री फिरवली आणि 'जस्ट'मधला ट इस्त्रीला चिकटला. हे दुकानाच्या खात्यात धरू नये.

पैशाचं. उलट्या सॅम्पलचे त्याने काही घेतले नाहीत. पहिल्या सहा मगांचे म्हणाला निम्मे द्या ताई, ओके तुम्ही केलं होतं. वाद घालायची फार इच्छा होती, पण ओके मीच केलं होतं, आणि ते द्वारकेच्या सिग्नलला केलं होतं, आणि चॅटमध्ये वेळेसकट दिसत होतं. दिले. ते ज्वाळावाले सहा आता आमच्या घरात आहेत. एकात पेनं, एकात कढीपत्त्याचं रोप, दोन भाच्यांनी नेले कारण त्यांना ते खरंच आवडले, जोशिंग म्हणजे जिमला जाणं असं त्यांनी वर्गात सांगितलंय. हे असंच पसरलं तर अजून तीसेक वर्षांनी कोणीतरी नाशिकमध्ये ह्या शब्दाचा तिसरा खोटा बाप शोधून काढेल.

वाढदिवस छान झाला. सकाळी सगळे मिसळीला, मग संध्याकाळी त्याच्याकडे केक. त्याने मग उघडला, मोठ्याने वाचला, आणि तो जुना एचआरचा मेल आमच्यासमोर डिलीट केला. त्याच रात्री कॉलवर कॅमेऱ्यासमोर तोच मग घेऊन बसला. तिकडच्यांनी विचारलं हे काय लिहिलंय. तर हा एकदम गंभीर चेहरा करून म्हणतो, आमचं आडनाव ज्योतिषी लोकांचं, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही भविष्य सांगतो, वाढदिवसाला घरचे वडीलधारे मगवर वर्षाचं भविष्य लिहून देतात. मग ह्यात काय आलंय? ह्यात आलंय, शुक्रवारी रिलीज करू नका. आणि त्यांनी, मी खोटं सांगत नाही, सोमवारवर ढकलला. त्याने सोमवारी सकाळी सांगितलं काय लिहिलंय ते. तो सर्व्हर झोपलावाला आहे ना, तो म्हणे सगळ्यात जास्त हसला.

माझा मग मी बाबांना दाखवायला नाशिकरोडला घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावला, उजेडाकडे धरला, फिरवला, कानाजवळचं फिकं बरोबर पकडलं, आणि म्हणाले बरा आहे. मग कपाटातून परमनंट मार्कर काढला. मी म्हटलं बाबा काय करताय. तर म्हणाले, छपाईत नोट खराब निघाली की तिच्या जागी दुसरी घालतात, तिच्या नंबरात पुढची अक्षरं आणि आकडे ह्यांच्या मधे एक तारा असतो, २००६ पासून आहे ती पद्धत, दहा-वीस-पन्नासच्या नोटांपासून सुरू झाली. ताऱ्याची नोट खोटी नसते, चालते, फक्त ती बदली आलेली असते एवढंच. असं म्हणून त्यांनी जस्ट आणि जॉशिंगच्या मधल्या जागेत बारीक, पाच टोकांचा, एकदम सरळ तारा काढला.

तर मगला चार स्टार, टी-शर्टला अडीच, वागणुकीला पाच, प्रूफला एक आणि तोही माझ्यात वाटून. बाबांनी काढलेला वेगळा आहे, तो ह्यात मोजू नका, तसाही आठ दिवसांत धुऊन निघाला कारण मार्करची शाई त्या थरात शिरत नाही.